पिर्लो इतका मागे का खेळायचा?

नमस्कार मंडळी! आज सुरुवात एका गोलपासून करू.

१ एप्रिल २००१. तुरिनमध्ये युव्हेंटस विरुद्ध ब्रेशिया. ब्रेशिया एका गोलने पिछाडीवर आणि सामना संपत आलेला. मैदानाच्या मध्याजवळ एकवीस वर्षांचा एक पोरगा बॉल घेतो, मान वर करतो आणि युव्हेंटसच्या अख्ख्या बचावफळीच्या डोक्यावरून तो बॉल पुढे सोडतो. पुढे ब्रेशियाचाच रॉबर्टो बाजिओ, इटलीचा दिग्गज, धावतोय. मागून उंचावरून आलेला तो बॉल बाजिओ एका स्पर्शात थंड करतो, त्याच स्पर्शात गोलरक्षक व्हॅन डर सारला चकवतो आणि रिकाम्या जाळ्यात ढकलतो. १-१.

बाजिओचा तो स्पर्श मी कितीदा पाहिलाय, मोजलेलं नाही. पण आज मला बोलायचंय पास देणाऱ्याबद्दल. आंद्रेआ पिर्लो. तो तिथे, इतक्या मागे, काय करत होता?

कारण पिर्लो मुळात मागे खेळणारा नव्हताच. तो दहा नंबरवाला. स्ट्रायकरच्या, म्हणजे गोल करणाऱ्या सगळ्यात पुढच्या खेळाडूच्या, मागे खेळायचं, बचावफळीतली फट शोधायची आणि शेवटचा पास द्यायचा, हे त्याचं काम. १९९८ साली इंटर मिलानने त्याला घेतलं, पण तिथे त्याचा जम बसला नाही. २००१ च्या जानेवारीत तो उसनवारीवर परत ब्रेशियाला, म्हणजे आपल्याच गावच्या क्लबकडे आला. तिथे दहा नंबरच्या जागी होता साक्षात बाजिओ. त्याला तर हलवता येत नाही. तेव्हा प्रशिक्षक कार्लो मात्झोने यांनी पिर्लोला उचललं आणि थेट बचावफळीच्या पुढ्यात आणून उभं केलं. जागेच्या अडचणीतून निघालेली ही तोड. पण पुढची पंधरा वर्षं फुटबॉल कसा खेळला जाईल, यावर तिचा ठसा उमटला.

(स्क्रीनवर मैदानाचा आराखडा)

आता हे नीट बघा. ही दहा नंबरची जागा. पुढे प्रतिस्पर्ध्याचे चार बचावपटू, मागे त्यांचे मिडफिल्डर. या दोन फळ्यांमधलं अंतर नव्वदच्या दशकात सगळ्यांनी आवळत आणलं होतं. इथे बॉल मिळाला की गोलकडे पाठ, मानेवर कोणीतरी बसलेला आणि विचार करायला सेकंदभरही नाही. पळणारा असेल तर निसटेल. पिर्लो काही पळणारा नव्हता.

आता त्याच माणसाला तीस मीटर मागे आणू. इथे त्याच्यासमोर कोण आहे? प्रतिस्पर्ध्याचे स्ट्रायकर. आणि स्ट्रायकरला मागे धावत येऊन कुणाला तरी धरून ठेवायची सवय नसते. अख्खं मैदान समोर. बॉल मिळताना तोंड पुढे. आणि वेळ, जो पुढे अर्धा सेकंद मिळत होता तो इथे दोन सेकंद. फुटबॉलमध्ये दोन सेकंद म्हणजे चैन आहे!

याच जागेवरून खेळ रचणाऱ्याला आपण डीप-लाइंग प्लेमेकर म्हणतो. इटलीत त्याला रेजिस्ता म्हणतात आणि त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे दिग्दर्शक. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण कुणी कुठे जायचं, कधी थांबायचं, प्रसंग कधी पेटवायचा, हे सगळं तोच ठरवतो.

ठरवतो म्हणजे काय करतो? लोकांना आठवतात ते लांब पास. पण त्याचे बहुतेक पास पाच-सात मीटरचे, अगदी साधे असतात. शेजारच्याला दिला, परत घेतला, पुन्हा दिला. पाहणाऱ्याला वाटतं, नुसता टाइमपास चाललाय. पण प्रत्येक छोट्या पासबरोबर प्रतिस्पर्धी दोन पावलं बॉलकडे सरकतो. सगळे एका बाजूला गोळा झाले की दुसऱ्या बाजूचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, मोकळा. मग येतो तो चाळीस मीटरचा तिरका पास. तो लांब पास त्या दहा छोट्या पासांची कमाई आहे. ते दहा पास पाहिले नाहीत, तर तो अकरावा चमत्कार वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मान. बॉल येण्याआधी या खेळाडूची मान सारखी फिरत असते, डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. बॉल पायाशी येतो तेव्हा पुढचा पास ठरलेला असतो. २०१४ च्या विश्वचषकात, मनाऊसला, इंग्लंडविरुद्ध इटलीने कॉर्नर छोटा घेतला. बॉल गोलसमोरच्या बॉक्सबाहेर पिर्लोकडे आला. इंग्लंडचा खेळाडू त्याच्यावर धावून गेला आणि पिर्लोने बॉलला पायच लावला नाही, पायांमधून जाऊ दिला. मागे मार्किझिओ उभा होता, त्याने तो थेट जाळ्यात मारला. मागे कोण आहे हे पिर्लोला आधीच माहीत होतं. खेळाला वळण दिलं, तेही स्पर्श न करता!

आणि थांबणं. ४ जुलै २००६, डॉर्टमुंड, विश्वचषकाची उपांत्य फेरी, यजमान जर्मनी. जादा वेळेतलं ११९ वं मिनिट, ०-०. कॉर्नर परतवला जातो आणि बॉक्सच्या कडेला बॉल पिर्लोकडे येतो. त्या क्षणी कोणीही शॉट मारेल. तो मारत नाही. बॉल घेऊन उजवीकडे सरकत राहतो आणि जर्मन बचावपटू त्याच्यासोबत ओढले जातात. मग दुसरीकडेच बघत तो फाबिओ ग्रोसोला पास सरकवतो. गोल. पाच दिवसांनी इटली विश्वविजेता. अख्खं स्टेडियम श्वास रोखून बसलेलं असताना हा माणूस वाट बघू शकतो, हे मला आजही थक्क करतं.

आता याची किंमत. दिग्दर्शक पळत नसेल, तर त्याच्या वाटचं कुणीतरी पळायला हवं ना? पुढे एसी मिलानमध्ये (हा इंटरपेक्षा वेगळा क्लब) प्रशिक्षक कार्लो आंचेलोत्ती यांनी पिर्लोला याच जागी कायम केलं, तेव्हा शेजारी दिला जेन्नारो गात्तुझो. त्याने टॅकल करायचं, बॉल हिसकावायचा आणि पिर्लोला द्यायचा. मिलानने २००३ आणि २००७ साली जिंकलेल्या चॅम्पियन्स लीगमागे, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेमागे, ही जोडी आहे. पिर्लोच्या नावाने व्हिडिओ निघतात, गात्तुझोच्या घामाचे निघत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि प्रतिस्पर्ध्यानेच एक माणूस नुसता पाळतीवर ठेवला तर? २०१० च्या मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी हेच केलं. पार्क जी-सुंग, न थकणारा मिडफिल्डर. त्याने पिर्लोची पाठ सोडली नाही. मँचेस्टर युनायटेडने मिलानला ४-० ने झोपवलं, वर पार्कने स्वतः एक गोलही केला. पिर्लो बंद, तर मिलान बंद. पुढच्या वर्षी मिलानने त्याला जाऊ दिलं आणि बत्तीस वर्षांचा पिर्लो फुकटात युव्हेंटसकडे गेला. तिथे दोन बाजूंना पळायला विडाल आणि मार्किझिओ आणि मागे लांब पास देऊ शकणारा बचावपटू बोनुच्ची. आता पिर्लोवर माणूस लावला की बोनुच्ची मोकळा. युव्हेंटसने सलग चार वर्षं इटालियन लीग जिंकली.

या जागेवरचं धाडस जवळून बघायचं असेल, तर इटलीला जायची गरज नाही. आपल्याकडे अहमद जाहू खेळून गेला. मोरोक्कोचा हा मिडफिल्डर आधी एफसी गोवा आणि मग मुंबई सिटी, दोन्हीकडे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या संघात याच जागी होता. जाहू पिर्लोसारखा नाजूक नव्हता, तो टॅकलही दणकून करायचा. पण बॉल मिळाल्यावर मान वर आणि दूरच्या विंगरच्या पायात तिरका पास, हे तेच.

१३ मार्च २०२१. गोव्यातलं फातोर्डा, आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना, मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. अठराव्या मिनिटाला स्वतःच्याच गोलजवळ जाहूकडे बॉल आला आणि मोहन बागानच्या रॉय कृष्णाने त्याला गाठलं. बॉल सुटला, डेव्हिड विल्यम्सने जोरदार फटका मारला, मुंबई पिछाडीवर. या जागेवर चूक झाली की ती झाकायला मागे फारसं कोणी उरत नाही. दहा नंबरवाल्याचा बॉल गेला तर नुसती संधी जाते, इथे गेला तर गोल होतो.

मला त्यानंतरची अकरा मिनिटं महत्त्वाची वाटतात. अंतिम सामन्यात अशी चूक झाल्यावर कोणीही लपेल. बॉल नकोसा होईल, मिळाला तर झटकन जवळच्याला देऊन मोकळा होईल. जाहू तिथेच उभा राहून बॉल मागत राहिला. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याने मागून बिपिन सिंगसाठी लांब बॉल टाकला. तो अडवायला मागे धावत गेलेल्या मोहन बागानच्या तिरीचं हेडर स्वतःच्याच गोलमध्ये गेलं. १-१. नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने गोल केला आणि मुंबईने पहिल्यांदा आयएसएल चषक उचलला.

तो सामना मिळाला तर पुन्हा लावा. पहिला अर्धा तास बॉलकडे बघू नका, फक्त जाहूकडे बघा. अठराव्या मिनिटानंतर बचावपटूंच्या पायात बॉल आला की तो कुठे जाऊन उभा राहतो, बघा आणि मला खाली कमेंटमध्ये सांगा.