हळदीचा नमुना आणि अहवालातला आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद देशभर जाते, आणि २०१८ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. अशा हळदीबद्दल कुणी प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला, की आपण थेट आकड्याकडे बघतो. माझं सांगणं आहे, आधी नमुना कसा घेतला ते विचारा.

वरच्याच पोत्यातली ओंजळभर पूड तपासली, तर तो अहवाल त्या ओंजळीपुरता. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून, तळातून पूड घ्यायची, स्वच्छ कागदावर ढीग करून नीट कालवायची. मग ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हेच. मग घट्ट झाकणाची कोरडी बाटली आणि वर सील. पावसाळ्यात नमुना कागदाच्या पुडीत राहिला, तर पूड दमट होते. दळलेल्या हळदीतला ओलावा १० टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणजे चांगला मालही नापास व्हायचा. कुणा व्यापाऱ्यावर असा डाग लागणं मला फार चुकीचं वाटतं.

प्रयोगशाळा ‘एनएबीएल’ या, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. ही मान्यता आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, ठरावीक पदार्थांच्या ठरावीक चाचण्यांपुरतीच असते. दुधातल्या फॅटसाठी मान्यता असलेली लॅब हळदीतल्या शिशासाठीही मान्यताप्राप्त असेलच असं नाही. मान्यतेच्या यादीत आपली चाचणी आहे का, ते बघा. पिवळेपणासाठी घातलेलं लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, विषारी असतं, ते हळदीत अजिबात सापडता कामा नये. कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा तिचा स्वतःचा घटक, किमान २ टक्के हवं. प्रत्येक तपासणीबरोबर हळद न घातलेला कोरा नमुना आणि प्रमाण ठाऊक असलेला नमुनाही मशीनवर चालवावा लागतो. त्यांचे आकडे जुळले नाहीत, तर आपल्या हळदीचा आकडा द्यायचाच नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतात. त्यातला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी दुकानदार करू शकतो. ताई-दादांनो, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तपासणीचा दरवाजा तुम्हा ग्राहकांसाठीही उघडा ठेवलाय. विकत घेतानाच दुकानदाराला सांगा, की हे मी तपासून घेणार आहे. फी भरून अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे अन्नाचे नमुने तपासणाऱ्या सरकारनियुक्त तज्ज्ञाकडे द्या. माल नियमात बसला नाही, तर भरलेली फी परत मिळते.