आधी कोणत्या बेडकडे?

[दृश्य: सकाळचे आठ. सर्जिकल वॉर्ड. नाइटच्या सिस्टर ओव्हर देत आहेत, म्हणजे पेशंटची माहिती दिवसपाळीकडे सोपवत आहेत.]

ओव्हर घेताना एकेक पेशंट दोन-तीन वाक्यांत आटोपतो. नर्सिंगची विद्यार्थिनी वहीत भराभर लिहून घेते. लिहून होतंय न होतंय तोच एका बेडची बेल वाजते, दाराशी नातेवाईक येऊन उभे राहतात आणि औषधांची ट्रॉलीही निघायची असते.

पुस्तकात एका धड्यात एकच आजार असतो. वॉर्डात ते सगळे शेजारी-शेजारी, एकाच वेळी असतात. कुणाला काय द्यायचं हे विद्यार्थिनीला पाठ असतं, पण आधी कुणाकडे जायचं हे तिथे उभं राहून ठरवावं लागतं. या निर्णयाला नर्सिंगमध्ये क्लिनिकल जजमेंट म्हणतात. चार पेशंट घेऊन ते पाहू. हे चौघे शिकवण्यासाठी रचलेले आहेत, पण असे चौघे एकाच ड्युटीत भेटणं अगदी नेहमीचं आहे.

[दृश्य: चार बेड, एकेक करून.]

एक नंबरवर सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे जुने पेशंट, वय ६८. ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० टक्के. श्वास मिनिटाला २०. दोन नंबरला पायाचं हाड मोडलेला तरुण, पायाला प्लास्टर, वेदना दहापैकी आठ. बेल वाजतेय ती त्याचीच. तीन नंबरवर ५४ वर्षांच्या बाई. काल दुपारी त्यांची पोटाची शस्त्रक्रिया झाली. ओव्हरमध्ये त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं गेलं : "रात्र शांत गेली. आता जरा चुळबुळ करतायत, सारखं पाणी मागतायत." चार नंबरला डिस्चार्ज मिळालाय, कागद अजून हातात पडलेले नाहीत म्हणून घरचे वैतागलेत.

पहिल्या वर्षापासून घोटून घेतलेला नियम आहे एबीसी : आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण. तो लावला तर विद्यार्थिनी एक नंबरकडे धावेल, कारण ९० हा आकडा डोळ्यांत खुपतो. नियम तिने नीट पाठ केलाय, तरी पाय चुकीच्या बेडकडे वळलेत.

त्यांचा चार्ट मागे उलटून पाहा. तीन दिवस सॅच्युरेशन ८९ ते ९१ मध्येच आहे. ते पूर्ण वाक्यं बोलतायत, दम न लागता चहाबद्दल विचारतायत. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हे लक्ष्य लिहून ठेवलंय. सीओपीडीच्या ज्या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांना आकडा सुधारण्यासाठी ऑक्सिजन वाढवत नेला तर उलट अपाय होऊ शकतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत आज काहीही बिघडलेलं नाही. दुसऱ्या कुणाचं सॅच्युरेशन काल ९८ असतं आणि आज ९० दिसलं असतं, तर गोष्ट वेगळी होती.

पेशंटची तुलना पुस्तकातल्या नॉर्मलशी करण्याआधी त्याच्या स्वतःच्या कालच्या अवस्थेशी करायची. ही सवय लागली की निम्मे निर्णय सोपे होतात, आणि ती लागावी म्हणूनच ही फिल्म आहे.

[दृश्य: तीन नंबरचा चार्ट. कॅमेरा नोंदींवरून सावकाश सरकतो.]

आता तीन नंबर.

रात्री १२ वाजता पल्स ९२, बीपी १२८/७८, श्वास १८.
पहाटे ४ वाजता पल्स १०२, बीपी ११८/८०, श्वास २०.
सकाळी ८ वाजता पल्स ११२, बीपी १०६/८४, श्वास २४.

यातला कुठलाच आकडा एकटा पाहिला तर घाबरवणारा नाही. "बीपी १०६? ठीक आहे की." पण तिन्ही ओळी एकाखाली एक वाचा. पल्स चढतोय, श्वास वाढतोय. बीपीचा वरचा आकडा उतरतोय आणि खालचा वर येतोय. रात्री दोन्हींत ५० चं अंतर होतं, आता २२ उरलंय.

शरीरातून रक्त जाऊ लागलं की शरीर ते लपवतं. हृदय जोरात धावतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून खालचं बीपी वर येतं आणि तळवे गार पडतात. मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, लघवी कमी होते. तहान लागते. पेशींना ऑक्सिजन पुरेना झाला की रक्तात आम्ल वाढतं, ते बाहेर टाकायला श्वास वाढतो. या सगळ्या खटाटोपामुळे बीपी बराच वेळ तग धरतं. प्रौढ माणसाचं १५ ते ३० टक्के रक्त गेलं, म्हणजे साधारण पाऊण ते दीड लिटर, तरी वरचं बीपी बहुधा नॉर्मलच्या आसपास दिसतं. बीपी कोसळेपर्यंत थांबणारी नर्स फार उशिरा पोहोचते.

म्हणजे बाईंचं पाणी मागणं आणि चुळबुळ करणं हीच लक्षणं होती. ओव्हरमध्ये ती कानावर पडलीही, फक्त तक्रार म्हणून. आणखी एक नोंद पाहा : गेल्या तासाभरात लघवी २० मिली. त्यांचं वजन ६० किलो. दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिली धरला, तर ३० मिली व्हायला हवी होती.

इथे एक सावधगिरी. पेशंटला बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणारं औषध सुरू असेल, तर रक्तस्राव होत असूनही पल्स वाढेलच असं नाही. म्हणून औषधांचा कागद चार्टच्या शेजारी ठेवूनच वाचायचा.

[दृश्य: दोन नंबर. प्लास्टरमधून दिसणारी पायाची बोटं.]

मग बेल वाजवणाऱ्याचं काय? ओरडणारा पेशंट कमी गंभीर असतो, असा एक समज वॉर्डात फिरत असतो. तो धोक्याचा आहे. प्लास्टरमधल्या पायात सूज कोंडली तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. दुखापतीच्या मानाने फार जास्त, औषधालाही न जुमानणारी वेदना ही त्याची सुरुवातीची खूण. नाडी बऱ्याचदा शेवटपर्यंत लागते, त्यामुळे नाडी लागली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. काही तासांत मार्ग काढला नाही तर पाय कायमचा निकामी होऊ शकतो.

म्हणून तीन नंबरकडे जाताना सोबतच्या नर्सला दोन नंबरकडे पाठवायचं, आणि काय बघायचं तेही सांगायचं : बोटं गार आहेत का, मुंग्या येतायत का, बोटं आपण हलक्या हाताने वर उचलल्यावर कळ उठते का. हे तपासणं दुसऱ्या नर्सचं काम आहे, मदतनिसाचं नाही. काम सोपवताना समोरच्याला त्यातलं काय करता येतं, हे आपल्याला माहीत असायला हवं. चार नंबरचे कागद मात्र थांबू शकतात. घरच्यांना एक वाक्य सांगून जायचं, "अर्ध्या तासात येते", आणि नंतर खरोखर यायचं.

[दृश्य: तीन नंबरच्या बेडशी. नर्स पेशंटचा हात हातात घेते.]

बेडशी पोहोचल्यावर पहिलं काम बोलण्याचं. त्या नीट उत्तर देतात, म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे आणि शुद्ध ठीक आहे. मग श्वास मोजायचा. नाडी पाहतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहायचं. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. पल्स, बीपी, श्वास, तापमान अशा सगळ्या व्हायटल्समध्ये श्वासाचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. ओळीने सगळ्या पेशंटच्या चार्टवर १८ किंवा २० लिहिलेलं दिसलं, तर तिथे मोजणी झालेली नाही असं खुशाल समजावं.

तळहात गार आणि ओलसर आहेत. नखावर दाबून सोडलं की रंग परतायला वेळ लागतोय. ड्रेसिंग वरून कोरडं आहे, तरी कुशीवर वळवून पाठीखाली हात घालून पाहायचं, कारण रक्त उताराकडे जातं. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, फारसं काही जमलेलं नाही. त्यावरही विसंबायचं नाही, गुठळीने नळी बंद झालेली असू शकते. पाणी द्यायचं नाही, कदाचित पुन्हा ऑपरेशनला न्यावं लागेल. बाईंना हे समजावून सांगायचं, ओठ ओले करायचे. त्यांना सपाट झोपवायचं, आयव्ही लाइन चालू आहे ना ते पाहायचं आणि मदत बोलवायची. विद्यार्थिनीने इथे स्वतःच्या अधिकाराबाहेर काही करायचं नाही, पण वॉर्डच्या सिस्टरना तिथल्या तिथे आणि स्पष्ट सांगायचं. "मी अजून शिकतेय, माझंच चुकत असेल" म्हणून गप्प बसणं पेशंटला महागात पडू शकतं.

मग डॉक्टरांना फोन. "जरा बरं वाटत नाहीये, येऊन बघता का?" हे वाक्य झोपेतून उठलेल्या किंवा दुसऱ्या पेशंटपाशी असलेल्या माणसाला काहीच सांगत नाही. त्यासाठी एसबीएआर नावाची पद्धत आहे : सध्याची स्थिती, पूर्वपीठिका, तुमचं निरीक्षण आणि तुमची मागणी. ती मूळची अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधली. तिथून कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने ती रुग्णसेवेत आणली. आपल्या पेशंटसाठी तो फोन असा होईल :

"डॉक्टर, मी सर्जिकल वॉर्डमधून बोलतेय. तीन नंबरच्या बाईंची तब्येत बिघडतेय, आतून रक्तस्राव होत असल्याची मला शंका आहे. काल दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झालीय. रात्री पल्स ९२ आणि बीपी १२८/७८ होतं. आत्ता पल्स ११२, बीपी १०६/८४, श्वास २४. हात गार आहेत, तासाभरात लघवी २० मिली. तुम्ही लगेच येऊन बघा. तोवर दुसरी जाड लाइन घेऊ का? रक्त चढवावं लागलं तर जुळवून ठेवायला, क्रॉसमॅचला, नमुना पाठवू का?"

"राउंडला येतो तेव्हा बघतो" असं उत्तर आलं तर? तेवढ्यावर फोन ठेवायचा नाही. "मला राउंडपर्यंत थांबणं सुरक्षित वाटत नाही" असं म्हणायचं, आणि तरी कुणी येत नसेल तर त्यांच्या वरिष्ठांना कळवायचं. यात कुणाचा अपमान नाही. अशा वेळी वॉर्डातून थेट बोलावता येईल असं पथक असावं, या विचाराने १९९० मध्ये सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये मेडिकल इमर्जन्सी टीम सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटचे कागद त्यात तपासले होते. त्यांपैकी ५४ जणांच्या, म्हणजे ८४ टक्के पेशंटच्या कागदांत आधीच्या आठ तासांत तब्येत बिघडल्याची किंवा नवी तक्रार सुरू झाल्याची नोंद होती. कुणीतरी ते पाहिलं होतं, लिहिलंही होतं.

[दृश्य: सिम्युलेशन लॅब. विद्यार्थी गटात चर्चा करत आहेत.]

पाहणं आणि लिहिणं यांच्या पुढे काय घडायला हवं, हे नर्सिंगच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये मांडलं : लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. त्याआधी नर्सिंगच्याच अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं होतं की नवखी नर्स नियमांना धरून चालते आणि अनुभवी नर्सला अख्खी परिस्थिती एकदम दिसते. पण अनुभव येईपर्यंत पेशंट थांबत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती काहीतरी द्यावंच लागतं. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग परवान्याची एनक्लेक्स परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली, तीही याचसाठी. आता तिथे खुणा ओळखण्यापासून उपायाचा परिणाम तपासण्यापर्यंतची विचारांची वाट जोखली जाते.

आणि ही विचार करायची उसंत नर्सला मिळते का, हेही विचारायलाच हवं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या वॉर्डात नर्समागे एकेक पेशंट वाढला तसा ३० दिवसांतल्या मृत्यूचा संभव ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. नर्सचं जजमेंट सुधारा म्हणणाऱ्याने तिच्या वाट्याचे बेडही मोजावेत.

[दृश्य: पुन्हा तोच चार्ट. पहाटे ४ ची ओळ.]

ड्युटी संपल्यावर विद्यार्थ्यांनी चर्चा करावी ती या ओळीवर.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाचा स्कोअर आणला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. यात प्रत्येक व्हायटलला गुण देऊन बेरीज करतात, बेरीज जितकी जास्त तितका धोका जास्त. सॅच्युरेशन आणि तापमान ठीक धरून तो इथे लावला, तर सकाळी ८ वाजता बाईंचा स्कोअर ५ येतो. म्हणजे तातडीने डॉक्टरांनी पाहायला हवं आणि निदान दर तासाला तपासायला हवं. पण रात्री १२ ला तो १ होता आणि पहाटे ४ लाही १ च. स्कोअर त्या-त्या वेळेचे आकडे मोजतो, मागची ओळ त्याला दिसत नाही. १ ते ४ स्कोअर असताना दर ४ ते ६ तासांनी तपासणी पुरे असं तो सांगतो, आणि त्याहून लवकर पाहायचं का, कुणाला कळवायचं का, हा निर्णय नर्सवर सोपवतो.

तर पहाटे ४ वाजता तुम्ही काय केलं असतं? पल्स दहाने वाढलाय, बीपी दहाने उतरलंय, अंतर ५० वरून ३८ वर आलंय. आधी वेदना तपासली असती, कारण दुखण्यानेही पल्स वाढतो. ताप नाही ना ते पाहिलं असतं. हात गार आहेत का, लघवीची पिशवी किती भरलीय, ते पाहिलं असतं. ड्युटीवरच्या वरिष्ठ सिस्टरना सांगितलं असतं. आणि पुढची नोंद ८ वाजता न घेता ५ वाजता घेतली असती.