कोळशाने बांधलेला, कोळशाने खोदलेला वाडा

मंडळी, इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या वाड्यांची चित्रं आपण पुष्कळ पाहतो. हिरवळ, हरणं, लांबलचक दर्शनी भिंत. पण ती भिंत कुणाच्या पैशावर उभी राहिली आणि मालकाची सद्दी संपल्यावर तिचं काय झालं, हे चित्रात दिसत नाही. म्हणून आज एकच वाडा घेऊ: यॉर्कशायरमध्ये रॉदरहॅमजवळचा वेंटवर्थ वुडहाउस.

खरं तर हे पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन वाडे आहेत. पश्चिमेकडचा विटांचा, नक्षीदार भाग 1725च्या सुमारास सुरू झाला. तो पुरा होतो न होतो तोच मालकाला जुनाट वाटू लागला आणि त्याने पूर्वेला दगडी दर्शनी बाजू उभारायला घेतली. ती 606 फूट लांब आहे, बकिंगहॅम राजवाड्याच्या दर्शनी बाजूच्या दीडपटीहून जास्त. आत तीनशेच्या वर खोल्या. पाहुणे वाट चुकत, म्हणून त्यांना रंगीत कागदाचे कपटे देत आणि ते टाकत गेलं की परतीचा रस्ता सापडे, अशी आख्यायिका तिथे सांगतात.

पुढे दुसरे मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम (मार्क्विस हा उमरावाचा एक किताब) या वाड्याचे धनी झाले. ते दोनदा इंग्लंडचे पंतप्रधान झाले, 1765 आणि 1782 मध्ये. एडमंड बर्क आधी त्यांचा खाजगी चिटणीस होता. वॉरन हेस्टिंग्जवर पुढे पार्लमेंटात महाभियोग चालवणारा तो हाच बर्क. 1782 च्या मे महिन्यात महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तेव्हा लंडनला रॉकिंगहॅमच पंतप्रधान होते. दीड महिन्यात ते वारले. मूल नव्हतं, म्हणून वाडा भाच्याकडे, फिट्झविल्यम घराण्याकडे गेला.

या घराण्याचा खरा पैसा जमिनीखाली होता. जवळच्या एल्सेकारच्या खाणींतून कोळसा निघत होता. कामगारांसाठी घराण्याने दगडी घरांच्या रांगा बांधल्या, त्या आजही उभ्या आहेत. जमीनदार आणि खाणकामगार यांचं नातं बरोबरीचं नव्हतंच. पण परिसरातल्या इतर खाणमालकांशी तुलना करताना लोक फिट्झविल्यम घराण्याबद्दल बरं बोलत. हे लक्षात ठेवा, पुढे त्याला फार महत्त्व येणार आहे.

जुलै 1912 मध्ये पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी वाड्यावर मुक्कामाला आले. दुसऱ्याच दिवशी पहाटे काही मैलांवरच्या कॅडबीच्या खाणीत स्फोट झाला. बचावासाठी माणसं खाली उतरली आणि पुन्हा स्फोट झाला. एकूण 91 माणसं गेली. संध्याकाळी राजा-राणी खाणीच्या तोंडाशी जाऊन आले. एकीकडे शाही पाहुणचार आणि दुसरीकडे बाहेर काढली जाणारी प्रेतं. ही दोन्ही चित्रं एकत्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या वाड्याचा इतिहास सांगून होत नाही, असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाने वाडा ताब्यात घेतला. युद्ध संपलं आणि कोळशाची भीषण टंचाई आली. मजूर सरकारचे इंधनमंत्री मॅनी शिनवेल यांनी 1946 मध्ये उद्यानातच खुल्या खाणीचा हुकूम काढला. जुनी झाडं गेली, फुलबागा गेल्या, यंत्रं पश्चिमेच्या दाराशी येऊन ठेपली आणि खिडक्यांसमोर मातीचे डोंगर साचले.

याविरुद्ध आवाज उठवला कुणी? खाणकामगारांनी. यॉर्कशायरच्या कामगार संघटनेचे अध्यक्ष ज्यो हॉल यांनी थेट पंतप्रधान ॲटलींना कळवलं की इथल्या कामगारांना ही जागा मोलाची आहे, ती उद्ध्वस्त होऊ नये म्हणून ते कोणत्याही थराला जातील. त्यांच्याच पक्षाचं सरकार, त्यांच्याच मागणीने खाणी राष्ट्राच्या मालकीच्या होऊ घातलेल्या, आणि तरी ते एका उमरावाच्या बागेसाठी उभे राहिले! पिढ्यान्‌पिढ्या त्या बागेच्या आसपास राहणाऱ्या माणसांना ती आपलीही वाटत होती. सरकारने ऐकलं नाही. खोदकाम झालंच.

पुढे फिट्झविल्यम घराण्याचे आठवे अर्ल (अर्ल हाही उमरावाचा किताब) 1948 मध्ये विमान अपघातात गेले. बेघर कामगार कुटुंबांसाठी वाडा ताब्यात घ्यायचा सरकारी विचार होता. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊ केला, तर त्यांनी नाकारला. त्या काळात इंग्लंडमधले असले वाडे एकामागून एक पाडले जात होते. मृत्युकर, म्हणजे मालक वारल्यावर वारसांवर बसणारा कर, भरायचा कुठून आणि इतक्या छपरांची डागडुजी करायची कशी, याला बहुतेक घराण्यांकडे उत्तर नव्हतं. हा वाडा वाचवला लेडी मेबल यांनी. सातव्या अर्लची ही बहीण समाजवादी होती आणि स्थानिक परिषदेत काम करत होती. त्यांनी परिषदेला बहुतेक वाडा भाड्याने घ्यायला लावला आणि तिथे मुलींसाठी शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण महाविद्यालय निघालं. घराण्याकडे चाळीसेक खोल्या उरल्या.

वाड्यांवर लिहिणारे बरेच जण या महाविद्यालयाच्या काळाकडे अवकळा म्हणून पाहतात. मला ते मुळीच पटत नाही. जिथे पूर्वी फक्त आमंत्रितांना प्रवेश होता, तिथे राहून मुली शिक्षिका झाल्या. तीनशे खोल्यांचा एवढा चांगला उपयोग त्याआधी कुणी केला होता? 1979 नंतर शेफिल्डच्या पॉलिटेक्निकने तिथे वर्ग चालवले, पण 1988 मध्ये खर्च झेपेना म्हणून तेही निघाले. मग दोन खाजगी मालक झाले. दुसरे, वास्तुविशारद क्लिफर्ड न्यूबोल्ड, यांनी 1999 मध्ये वाडा घेऊन मनापासून दुरुस्ती आरंभली. पण असलं छप्पर एका कुटुंबाने कितीही जीव टाकला तरी आवरत नाही.

दरम्यान मौल्यवान वस्तू गेल्याच होत्या. जॉर्ज स्टब्जने रॉकिंगहॅम यांच्या व्हिसलजॅकेट या घोड्याचं काढलेलं जवळजवळ खऱ्या घोड्याएवढं चित्र 1997 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने 1 कोटी 10 लाख पौंडांना घेतलं. म्हणजे एका घोड्याच्या चित्राला वाड्याहून जास्त किंमत आली, कारण 2017 मध्ये संरक्षणासाठी स्थापन झालेल्या न्यासाने अख्खा वाडा 70 लाख पौंडांत विकत घेतला. त्याआधीच सरकारने दुरुस्तीसाठी 76 लाख पौंड जाहीर केले होते. न्यासाने पहिला पैसा छपरावर घातला आणि काम चालू असताना लोकांना परांची चढून ते पाहू दिलं. गळती थांबल्याखेरीज आतल्या रंगीत छतांना हात लावण्यात अर्थ नव्हता, आणि पाहायला येणाऱ्यांना ते समोरच दिसत होतं.