न्यूट्रल वेगळी, अर्थिंग वेगळं

नमस्कार मंडळी. पावसाळा सुरू झाला की वॉशिंग मशीनला हात लावला तर झिणझिण्या येतात अशी तक्रार घरोघरी सुरू होते, मग कुणीतरी वायरमन येतो, सॉकेट उघडतो, आत अर्थिंगची वायरच नाहीये म्हणतो आणि न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या मोठ्या पिनला जोडून देतो. झिणझिण्या थांबतात, पैसे देऊन आपण मोकळे. हा जुगाड जीवघेणा आहे.

आता न्यूट्रल डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेली असते हे खरंय, पण ती करंट परत नेणारी वायर, पंखा फिरतोय तोवर तिच्यातून करंट वाहणारच. अर्थिंगच्या हिरव्या वायरमधून मात्र एरवी काही वाहायलाच नको, ती फक्त फॉल्टसाठी, म्हणजे करंट चुकून पत्र्यावर आला तर. समजा मीटरपाशी न्यूट्रल तुटली आणि घरात एखादा बल्ब ऑन आहे, तर फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तिचा करंट त्या बल्बमधून न्यूट्रलवर, तिथून त्या जुगाडातून सरळ मशीनच्या पत्र्यावर. बल्ब विझलेला, तुम्हाला वाटतं लाइट गेली, आणि पत्र्यावर २३० व्होल्ट.

बरं, खड्डा खणून पाइप पुरला, कोळसा-मीठ घातलं, म्हणजे झालं का? त्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम निघाला तर फॉल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर जाणार, १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंट झाला की पडून लाइन तोडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, तो गेलेला करंट आणि परत आलेला करंट यातला फरक बघतो आणि लगेच पडतो.

गाडीत ज्याला ग्राउंड म्हणतात ते अजून निराळं, बॅटरीची मायनस बॉडीला जोडलेली, खाली रबरी टायर, जमिनीशी संबंधच नाही. आणि मंडपात साउंडचा मिक्सर एका बोर्डावर, अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर लावला की स्पीकरमधून हम्म्म येतं ना, तो अर्थचा लूप, दोन्ही अर्थ आणि सिग्नलच्या केबलचं शील्ड, म्हणजे तिच्यावरची तारेची जाळी, मिळून झालेला. आपले साउंडवाले काय करतात, तर अर्थची पिनच तोडतात! अहो, दोन्ही एकाच बोर्डावर लावून बघा आधी, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

एक राहिलं, आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबत जा, पण ते फक्त आरसीसीबी चालू आहे का ते सांगतं, बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक असं धरू नका, अर्थिंगसाठी अर्थ टेस्टर लावूनच मोजायला सांगायचं.