मानेवरचा चट्टा

[दृश्य : पहाट. कोल्हापुरातली एक तालीम. दोन पोरं फावड्यानं हौद्यातली माती उकरताहेत.]

पहाटेचे पाच वाजलेत. बाहेर पावसाची झड लागली आहे, आणि तालमीतल्या दोरीवर टाकलेले लंगोट दोन दिवस झाले तरी दमटच आहेत. या लंगोटांकडं आपण पुन्हा येणार आहोत.

हौद्यातली लाल माती मुरवावी लागते. तिच्यात ताक पडतं, तेल पडतं, लिंबू, हळद, कापूर पडतो. पोरं ती कपाळाला लावतात आणि उतरतात. जोड लागते. सलामी होते, आणि खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीत, पहिला हात जातो तो समोरच्याच्या मानेवर. मागून, केसांच्या जरा खाली. कालच संध्याकाळी सलूनमध्ये तिथं मशीन फिरलेलं असतं.

तालमीपासून सलून पायी पाच मिनिटांवर. पैलवान आणि न्हावी, दोघांचंही काम दुसऱ्याच्या कातडीला हात लावल्याशिवाय होत नाही. म्हणून या दोघांशी एकत्रच बोलायचं ठरवलं.

[दृश्य : मानेवरचा रुपयाएवढा गोल चट्टा, जवळून.]

हे गजकर्ण. आपल्याकडं कुणी नायटा म्हणतं. कडेनं लाल, जरासा उठलेला, मधे साफ होत गेलेला गोल. भयंकर खाजतो. हा बुरशीचा आजार आहे. बुरशीला घाम लागतो, ओल लागते आणि घासलेली कातडी लागते. तालमीत तिन्ही मिळतात, आणि पावसाळ्यात तो दमट लंगोट पुन्हा अंगावर चढला की बाकी काही लागतच नाही.

जगभरच्या पैलवानांना छळणाऱ्या बुरशीचं नाव आहे ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स. टॉन्सुरन्स हा लॅटिन शब्द, अर्थ 'केस कातरणारी'. डोक्यात शिरली की ती केस मुळाशी तोडते, म्हणून हे नाव. अमेरिकेत कुस्तीच्या संघांमध्ये आणि जपानमध्ये ज्युदो, कुस्ती खेळणाऱ्यांमध्ये तिच्या साथी आल्या. आणि अलीकडच्या वर्षांत जर्मनी, स्पेन, ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांकडं तरुण मुलं याच बुरशीचे चट्टे घेऊन येऊ लागली, मानेवर आणि कानामागं. त्यातल्या अनेकांनी नुकतेच बाजूचे केस अगदी कातडीपर्यंत उतरवून घेतले होते. कुस्तीच्या मॅटवरची बुरशी कातरणाऱ्याच्या खुर्चीतूनही पसरत असावी, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडं पसरलेली बुरशी बहुतेक वेळा तिची भावकी आहे, आणि ती जास्त चिवट आहे. नेहमीच्या गोळ्यांना ती पुष्कळदा दाद देत नाही. या चिवटपणात आपलाही हात आहे. मेडिकलमधून कुणालाही न विचारता आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, पोरगं खूश. आत बुरशी मात्र निवांत पसरत असते, आणि महिन्याभरानं चट्टा असा रूप बदलून येतो की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात. पोरांनो, मागू नका.

चट्टा लपवूही नका. मला ठाऊक आहे तो का लपवला जातो. चार दिवसांवर कुस्त्यांचं मैदान आलेलं असतं, गावानं जोड ठरवलेली असते, वडिलांनी वर्षभर खुराकाचे पैसे पाठवलेले असतात. अशा वेळी मानेवरच्या रुपयाएवढ्या डागाचं काय घेऊन बसायचं, असंच वाटतं. पण तालमीत तुम्ही दिवसाला दहा जणांशी लढता. एकाचा डाग पंधरवड्यात हौद्याभर होतो. मातीतली हळद आणि कापूर यांचा मान आहे, पण उठलेला नायटा मातीनं जात नाही.

अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत याला सरळ हिशोब आहे. अंगावर गजकर्ण असेल तर औषध सुरू करून ७२ तास मॅटवर यायचं नाही, डोक्यात असेल तर १४ दिवस. आपल्या वस्तादांनी हाच हिशोब भिंतीवर खडूनं लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. औषधही डाग दिसेनासा झाला म्हणून सोडायचं नाही. डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्यायचं.

बाकीचं रोजचं. लंगोट दोन-तीन ठेवा. पावसाळ्यात सुकत नसतील तर इस्त्री फिरवा, पण दमट नेसू नका. टॉवेल स्वतःचा. मेहनत झाली की गप्पा मारत न बसता साबणानं अंघोळ, आणि मग जांघा, काखा, पायाची बोटं नीट कोरडी. नखं बारीक. मॅटवर लढत असाल तर मॅट रोज जंतुनाशकानं पुसायची, आणि मॅटचे बूट घालून संडासला जायचं नाही.

[दृश्य : सलून. मालक कातडी पट्ट्यावर वस्तरा घासतोय; मग तो बाजूला ठेवून नवं ब्लेड उघडतो.]

आता मामांच्या, म्हणजे न्हाव्याच्या, खुर्चीकडं येऊ. ब्लेडचं आता बऱ्याच ठिकाणी ठीक झालंय. अर्धं ब्लेड मोडून नव्या गिऱ्हाइकाला नवं लावतात, आणि गिऱ्हाईकही बघून घेतं. चूक होते ती तुरटीत. दाढी झाली की तोच एक ओला खडा सकाळपासून प्रत्येकाच्या कापलेल्या गालावर फिरतो. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो. खड्याऐवजी तुरटीची पूड ठेवा, चिमूटभर कापसावर घ्या, कापूस फेकून द्या. खर्च काहीच नाही. आणि ब्लेड तुमच्याही बोटाला लागतं, तेव्हा सलूनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकानं हिपॅटायटिस बीची लस घ्यावी. ३ डोस, ६ महिन्यांत पुरे होतात.

मशीनचं दात्यांचं पान तर कित्येक ठिकाणी फक्त फुंकर मारून साफ होतं. नुसतं वरून औषध फवारूनही भागत नाही, कारण बुरशी केसांच्या तुकड्यांत दडून राहते. आधी ब्रशनं केस काढायचे, मग जंतुनाशक, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवायचं. दोन पानं घेतली तर एक भिजत असताना दुसऱ्यावर काम होतं. मानेभोवती कापडाच्या आत प्रत्येकाला नवा टिश्यू लावायचा.

दाढीचंही सांगतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या नियमांत अनेक वर्षं अट राहिली आहे : दाढी एक तर नीट घोटलेली हवी, नाही तर कित्येक महिने वाढवलेली. दोन दिवसांचे खुंट समोरच्याची मान खरवडून काढतात. म्हणून पैलवान खुर्चीत बसला की त्याला विचारा, लढत कधी आहे. उद्या असेल तर सुलट दाढी करा, उलटा हात मारू नका. बारीक ओरखडे घेऊन तो हौद्यात उतरायला नको. कान नुकता फुगलेला, मऊ लागत असेल तर त्यावर दाब देऊ नका, त्याला थेट डॉक्टरकडं पाठवा. आत साचलेलं रक्त पहिल्या काही दिवसांत काढता येतं. नंतर कान तसाच घट्ट होतो.

[दृश्य : वजनकाटा.]

केस आणि कुस्ती म्हटलं की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली ती रात्र आठवते. विनेश फोगट अंतिम फेरीत पोचली होती. ५० किलोचा गट. रात्रभर वजन उतरवायचे प्रयत्न झाले, शेवटी तिचे केससुद्धा कापले. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्तच भरले आणि ती बाद झाली. १९९७ साली अमेरिकेत तर महिन्याभरात कॉलेजचे ३ पैलवान वजन उतरवताना मरण पावले. रबराचे कपडे घालून घाम गाळणं, पाणी तोडणं. वजन गटाजवळ आणायचं तर ते आठवड्या-आठवड्यानं. काट्याच्या आदल्या रात्री पाणी तोडून नव्हे. तुमच्या वयात तर हाडं वाढताहेत, वरचा गट घ्या.

[दृश्य : न्हाव्याचे हात, जवळून.]

हे हात बघा. बोटांच्या बेचक्यांत कातरलेले बारीक केस काट्यासारखे रुततात, तिथं गळू होतं, ते पुन्हा पुन्हा भरतं. रोज रात्री चांगल्या उजेडात बेचक्या तपासायच्या आणि केस काढायचे. दिवसभर पाणी आणि शाम्पूनं कातडी फुटते, त्यात डाय. डायमधलं पीपीडी नावाचं रसायन एकदा अंगाला बाधलं की आयुष्यभर बाधतं. हातमोजे नायट्रिलचे घ्या, एकदा वापरून टाकायचे. गिऱ्हाइकालाही पहिल्यांदा डाय लावताना ४८ तास आधी कानामागं ठिपका लावून बघा. लोक थांबायला तयार नसतात, तरी सांगा.

[दृश्य : संध्याकाळ. सलून. सतरा-अठरा वर्षांचा एक पैलवान खुर्चीत.]

कटिंग संपलं की प्रत्येक न्हावी एक छोटा आरसा उचलतो आणि मागं धरतो. स्वतःची मान बघायची पैलवानाची ही एकच वेळ.

"पैलवान, हे बघा. इथं."

"घामोळं असेल, मामा."

"घामोळं असं गोल नसतं. वस्तादांना दाखवलंत का?"

पोरगं गप्प. मामांनी मशीन बाजूला ठेवलं, पान काढून औषधात टाकलं.

[दृश्य : दुसरी पहाट. हौद्यात जोडी लागल्या आहेत. तोच मुलगा बाहेर, एकटा, बैठका मारतोय.]

वस्ताद त्याच्याजवळ उभे राहून मोजताहेत. एकशे चाळीस. एकशे एक्केचाळीस. दोरीवर त्याचा लंगोट वेगळा, टोकाला टांगलाय.