आमची टाकी भरतच नाही!

नमस्कार मंडळी, आजचा विषय सेप्टिक टँक. जेवायला बसला असाल तर आधीच सॉरी म्हणून ठेवतो.

मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आमची टाकी वीस वर्षं झाली, एकदाही भरली नाही." आणि हे लोक कौतुकानं सांगतात बरं का! अहो, टाकी सुरुवातीलाच भरते, ती कायम भरलेलीच असते. जेवढं पाणी आत येतं तेवढंच दुसऱ्या पाइपानं शोषखड्ड्यात जातं आणि तिथून जमिनीत. टाकीचं काम एवढंच की पाण्याला एखादा दिवस तरी शांत थांबवायचं, म्हणजे जड मैला तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढं सरकतं. तळातला थोडा गाळ जिवाणू खातात, सगळा नाही खात, उरलेला साचत जातो. मग वीस वर्षं उपसा केला नाही तर तो गेला कुठं? एक तर शोषखड्ड्यात जाऊन मातीची भोकं बुजवत बसला, नाहीतर टाकीला तळच धड नाही आणि सगळं खाली झिरपतंय. वरून काही दिसत नाही, फ्लश चालू आहे, घरमालक खूश, आणि शेजारची विहीर मात्र खराब होत असते.

म्हणून मला वाटतं हा मामला फक्त घरमालकावर सोडून चालत नाही. नियम बहुतेक ठिकाणी आहेत, पण सगळे बांधायच्या वेळचे. नकाशा मंजूर करा, माती पाणी किती पटकन शोषते ते खड्डा करून बघा, विहिरीपासून ठरलेलं अंतर सोडा. एकदा परवानगी मिळाली, वर फरशी बसली, की विषय संपला. पाण्याचं मीटर बघायला माणूस येतो, टाकी बघायला कोण येतंय?

जपानमध्ये घरगुती सांडपाण्याच्या टाक्यांसाठी 1983 पासून वेगळा कायदाच आहे, दरवर्षी सफाई आणि दरवर्षी तपासणी. फ्रान्समध्ये तपासणीची जबाबदारी गावाच्या कारभाऱ्यांवर, 10 वर्षांतून एकदा तरी बघायलाच लागतं, आणि घर विकताना टाकीच्या तपासणीचा कागद जोडावा लागतो. हे मला फार आवडलं, कारण घर विकायचं म्हटलं की लोक लगेच सरळ होतात.

आपल्याला काय हवं? एक साधं रजिस्टर. कुणाची टाकी कुठं, केवढी, शेवटचा उपसा कधी. आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं, उपसणाऱ्या टँकरला परवाना आणि प्रत्येक खेपेला मैला कुठं ओतला त्याची पावती, नाहीतर टाकी रिकामी करून अंधारात नाल्यात सोडला तर आपण काय मिळवलं, घाण फक्त गाडीत बसून फिरून आली! लोक म्हणतात आता अजून एक खर्च मागं लावू नका. तक्रार खोटी नाही, पण एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा पाणीपट्टीबरोबर थोडी थोडी घेतली आणि गाडी ठरल्या वर्षी आपणहून दारात आली तर कुणाला जड जाणार नाही.

आता घरच्यांसाठी एक गोष्ट. साधारण 3 ते 5 वर्षांनी उपसा करायचा म्हणतात, पण माणसं जास्त आणि टाकी छोटी असेल तर आधी. अंदाज घ्यायचा तर लांब काठीला खालून जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, झाकण उघडून बाजूला उभं राहून काठी तळापर्यंत घालायची, दोन-चार मिनिटं थांबून हळूच वर काढायची. टॉवेलवर जिथपर्यंत काळा चिकट डाग, तिथपर्यंत गाळ. वरची साय आणि हा गाळ मिळून टाकीतल्या पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांश झाले की गाडी बोलवा.

झाकणातून वाकून बघू नका, काडी पेटवू नका, आणि आत कुणालाही उतरवू नका, स्वतः तर नाहीच. आतला गॅस सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास मारतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळायचाच बंद होतो, आणि माणसाला वाटतं वास गेला, आता उतरायला हरकत नाही.

आणि हो, आधी झाकण कुठं आहे ते तरी शोधा. आमचं पार्किंगच्या टाइल्सखाली निघालं.