जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घेण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

थकवा जाईना, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, की "डॉक्टर, एखादे ताकदीचे इंजेक्शन द्या" अशी मागणी हमखास होते. रुग्णाची अधीरता समजण्यासारखी आहे, परंतु असे इंजेक्शन आधी घेतले आणि तपासणीसाठी रक्त नंतर दिले, तर अहवालात बी-१२ या जीवनसत्त्वाचे प्रमाण भरपूर दिसते आणि मूळ कमतरता होती की नव्हती, हे सांगणे अवघड होऊन बसते. म्हणून आधी रक्ताचा नमुना आणि मग सुई, हा क्रम शक्यतो मोडू नये.

बी-१२चेच उदाहरण घेऊ. प्रौढ माणसाला त्याची रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम असते आणि यकृतातला साठा काही वर्षेही पुरू शकतो. त्यामुळे कमतरता उघडकीस येते तेव्हा ती बहुधा फार आधीपासून वाढत आलेली असते. हे जीवनसत्त्व आतड्यात शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणाऱ्या 'इंट्रिन्सिक फॅक्टर' या प्रथिनाची गरज असते. पर्निशियस ॲनिमिया या बी-१२अभावी होणाऱ्या रक्तक्षयाच्या आजारात हे प्रथिन तयारच होत नाही, तर जठराची किंवा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये शोषणाची वाट तुटलेली असते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तावरच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही शोषण घटते. एके काळी पर्निशियस ॲनिमिया जीवघेणाच ठरत असे. रुग्णांना रोज यकृत खाऊ घातल्याने तो आटोक्यात येतो, हे दाखविणाऱ्या संशोधनाला १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यामागचे बी-१२ शुद्ध रूपात हाती लागायला १९४८ साल उजाडावे लागले.

शोषणाचा मार्ग बंद असेल किंवा मज्जातंतूंवर परिणाम दिसू लागला असेल, तर इंजेक्शनला प्राधान्य देणे योग्यच आहे. निव्वळ आहारातून कमी मिळाल्यामुळे आलेली सौम्य कमतरता मात्र अनेकदा गोळ्यांनीही भरून निघते, आणि तसे असताना सुईचा हट्ट धरण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. आणखी एक धोका आवर्जून सांगावासा वाटतो. बी-१२ची कमतरता असताना केवळ फॉलिक ॲसिड हे दुसरे ब-जीवनसत्त्व घेत राहिले, तर रक्ताचे चित्र सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

सर्वच जीवनसत्त्वांना एकच माप लावता येत नाही. बी-१२ पाण्यात विरघळणारे असल्याने जास्तीचे बरेचसे लघवीवाटे निघून जाते. ड जीवनसत्त्व मात्र चरबीत साठते, आणि त्याची मोठ्या मात्रेची इंजेक्शने एकामागून एक घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, अतितहान आणि मूत्रपिंडांना इजा, इथपर्यंत मजल जाऊ शकते. शरीरात गेलेली ही मात्रा परत काढून घेता येत नाही. थायमिन, म्हणजे बी-१, इंजेक्शनवाटे दिल्यावर क्वचितच, परंतु तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणून तातडीचे उपचार हाताशी असतील अशाच ठिकाणी ते घ्यावे.

सुई आणि सिरिंज नवी, सीलबंद आणि आपल्यासमोर उघडलेली असावी, कारण वापरलेल्या सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही पसरतात. कुपीवरची मुदत पाहावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर तसे आधीच सांगावे, कारण स्नायूत रक्त साकळण्याचा धोका असतो. पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले असेल किंवा श्वास कोंडला असेल, तर तेही लपवू नये. नितंबात भलत्याच जागी सुई गेल्यास पायाच्या मोठ्या नसेला इजा होऊ शकते, म्हणून हे काम प्रशिक्षित हातांकडेच सोपवावे.

बी-१२अभावी झालेल्या तीव्र रक्तक्षयात उपचार सुरू होताच नव्या रक्तपेशी झपाट्याने तयार होतात आणि त्या भरात रक्तातील पोटॅशियम घसरू शकते, त्यामुळे अशा रुग्णाचे पहिले काही दिवस देखरेखीखाली जाणे हिताचे असते. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत सावरते. मुंग्या आणि बधिरपणा ओसरायला मात्र कित्येक महिने लागतात आणि फार उशीर झाला असल्यास ती हानी पूर्ण भरून येतेच असे नाही. ज्यांच्या शोषणातला दोष कायमचा आहे, त्यांना डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या अंतराने आयुष्यभर उपचार चालू ठेवावे लागतात. बरे वाटू लागले म्हणून त्यांनी ते परस्पर थांबवू नयेत.